नामलेखन, मराठी

व्यक्तीचे नाव उपपदे, आदरार्थी प्रत्यय, आद्याक्षरे व विरामचिन्हे यांसह लिहिण्याची मराठीतील रीत. स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव व शेवटी आडनाव हा क्रम सर्वपरिचित आहे. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे महाराष्ट्र शासनाने बंधनकारक केले आहे.

श्री., सौ., कु., चि., कै., डॉ., ह. भ. प. ही उपपदे नावाआधी सुटी लिहितात. राव, पंत, जी, बाई, ताई हे प्रत्यय नावाला जोडून येतात. ‘राव’चा संबंध ‘राजा’शी आणि ‘पंत’चा ‘पंडित’शी बहुधा जोडला जातो. प्रत्यय तोडल्यास नावच बदलते. उत्तर प्रदेशात ‘भीम राव अंबेडकर’ असे लेखन रूढ होते. तेथील तत्कालीन राज्यपाल राम नाईक यांनी त्यास हरकत घेऊन संविधानाच्या हिंदी प्रतीवरील बाबासाहेबांच्या सहीचा आधार दिला. मार्च २०१८ मध्ये त्या शासनाने ‘भीमराव रामजी आंबेडकर’ हे रूप स्वीकारले. जोडलेला ‘राव’, वडिलांचे नाव आणि आरंभीचा ‘आ’ या तिन्ही बाबतींत हेच लेखन ग्राह्य होय.

संक्षेपानंतरचे टिंब अर्वाचीन आहे. मोडी पत्रांच्या छापील आवृत्त्यांत ‘रा॥’ (राजश्री), ‘मु॥’ (मुक्काम) अशी दंडाची खूण दिसते. हिंदीत लाघवचिन्ह (॰) अद्याप आढळते. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. तथापि नावांतील टिंब एखाद्या ग्रंथापेक्षा छापखान्यांच्या सवयीतून रुळले असावे, हे अधिक संभाव्य वाटते. प्रत्येक आद्याक्षरानंतर टिंब व जागा सोडणे (पु. ल. देशपांडे, ग. दि. माडगूळकर) इष्ट. मात्र आद्याक्षरांचाच शब्द झाला की टिंबे गळतात : पुलं, गदिमा.

मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार ऱ्हस्व इकारान्त व उकारान्त तत्सम व्यक्तिनामे दीर्घान्त लिहावयाची असतात. म्हणून ‘हरि’ नव्हे, ‘हरी’. विभक्ती लावताना ‘देशपांड्यांनी’ हे रूप व्याकरणशुद्ध असले, तरी ‘देशपांडे यांनी’ असे लिहिल्याने आडनाव अविकृत राहते. औपचारिक लेखनात हाच प्रघात आहे.

‘गं. भा.’ (गंगा भागीरथी) हे विधवांच्या नावाआधीचे उपपद मागे पडले आहे. २०२३ मध्ये ‘विधवा’ऐवजी ते वापरण्याचा प्रस्ताव राज्यात पुढे आला, तेव्हा त्यावर तीव्र टीका झाली. स्त्रीची वैवाहिक स्थिती नावातून सांगण्याचे कारण नसल्याने सर्व स्त्रियांसाठी ‘श्रीमती’ योग्य ठरते.

संविधानाच्या अनुच्छेद १८ ने लष्करी व विद्याविषयक उपाधींखेरीज इतर किताब रद्द केले. भारतरत्न व पद्म पुरस्कार नावाच्या आधी किंवा नंतर लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले; त्यामुळे ‘पद्मश्री’ नावाला जोडणे नियमबाह्य आहे.