पीएचपीत वेबसॉकेट चालत नाही? चालतं!

"लाइव्ह चॅट हवंय? मग पीएचपी सोडा, नोड (सर्व्हरवर चालणारी जावास्क्रिप्ट) घ्या." चॅटला वेबसॉकेट, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत उघडं राहणारं कनेक्शन लागतं, आणि पीएचपीला ते जमत नाही, हे वर्षानुवर्षं ऐकतोय, आणि ते चुकीचं आहे. गैरसमजाचं मूळ एफपीएममध्ये, म्हणजे वेबसाठी पीएचपी चालवण्याच्या नेहमीच्या पद्धतीत आहे: रिक्वेस्ट आली, उत्तर गेलं, की स्क्रिप्टची मेमरी साफ. तिथे कनेक्शन उघडं राहणार कसं? पण ही मर्यादा त्या पद्धतीची, भाषेची नव्हे. टर्मिनलवरून चालवलेल्या पीएचपीला मुळात वेळेचं बंधनच नसतं.

लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कचंच बघा. 2024 मध्ये, अकराव्या आवृत्तीसोबत, रिव्हर्ब आलं: रिअ‍ॅक्टपीएचपीच्या इव्हेंट लूपवर (एकाच प्रोसेसमध्ये अनेक कनेक्शन्सवर लक्ष ठेवणारं चक्र) उभा असलेला, पीएचपीतच लिहिलेला वेबसॉकेट सर्व्हर. 'पीएचपी आर्टिसन रिव्हर्ब:स्टार्ट' ही कमांड दिली की 8080 पोर्टवर एकच प्रोसेस सगळी कनेक्शन्स सांभाळत बसते.

काळजी घ्यायची ती वेगळीकडे. प्रोसेस चालूच असते, त्यामुळे कोड बदलला तरी जुनाच धावत राहतो. रीस्टार्ट करावाच लागतो. साधा लूप साधारण 1024 उघड्या फाइल्सपाशी अडतो (प्रत्येक कनेक्शन हीही एक उघडी फाइलच), त्यापुढे यूव्ही हे पीएचपीचं एक्स्टेन्शन बसवा. आणि पुढे बसवलेल्या एनजिनएक्स या वेबसर्व्हरमध्ये अपग्रेड हेडर (वेबसॉकेट हवंय हे सांगणारी ओळ) पुढे पाठवायचं राहिलं, तर हँडशेकच, म्हणजे कनेक्शनची सुरुवातीची जुळणीच होत नाही, आणि लोक नावं ठेवतात पीएचपीला.