न्यू इंग्लंड पेट्रियट्स : २००१चा हंगाम आणि संघबांधणी

एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल स्पर्धेत बोस्टनजवळच्या फॉक्सबरो गावी घरचे सामने खेळणाऱ्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाचा हा ४२वा हंगाम. ९ सप्टेंबर २००१ रोजी सिनसिनाटीत पराभवाने त्याची सुरुवात झाली आणि ३ फेब्रुवारी २००२ रोजी न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये पहिल्यावहिल्या सुपर बोल, म्हणजे अंतिम सामन्याच्या, विजेतेपदाने तो संपला. एक नावाजलेला क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा चढाईचा सूत्रधार, जायबंदी झाला, त्याच्या जागी आलेल्या अनोळखी पोराने नशीब काढले, अशी या हंगामाची गोष्ट बहुधा सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. त्या पोराच्या आजूबाजूला उभा असलेला संघ आदल्या काही महिन्यांत, इतरांनी नको म्हटलेल्या माणसांतून जमवलेला होता. हंगामाचे खरे मर्म त्या जमवाजमवीत आहे.

हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, जमले तर पुढचे चार प्रयत्न मिळतात, नाही जमले तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चढाई करणारे अकरा वेगळे आणि बचाव करणारे अकरा वेगळे. लाथेने चेंडू मारणारे, त्यांना तो मागे फेकून देणारे, मारलेल्या चेंडूमागे धावणारे यांची तिसरीच पलटण असते. त्यामुळे ताफा ५३ जणांचा असतो. आयपीएलसारखा लिलाव इथे नाही. महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची निवड ड्राफ्टमध्ये होते आणि आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला आधी निवड मिळते. करार संपलेला खेळाडू फ्री एजंट म्हणून कुठेही जाऊ शकतो; ही मोकळीक आजच्या रूपात १९९३पासून आहे. मात्र प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला वरची मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप असते. २००१मध्ये ती सुमारे ६ कोटी ७४ लाख डॉलर होती. मालक कितीही श्रीमंत असो, पैसा ओतून संघ विकत घेता येत नाही. करारावरचा मोठा आकडाही फसवा असतो, कारण त्यातली बरीच रक्कम हमीची नसते आणि खेळाडूला मध्येच मोकळे करता येते.

आधीची स्थिती

मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी २०००मध्ये बिल बेलिचिक यांना न्यूयॉर्क जेट्सकडून मुख्य प्रशिक्षक म्हणून आणले आणि त्या बदल्यात त्या वर्षीची पहिल्या फेरीची ड्राफ्ट निवड जेट्सला देऊन टाकली. प्रशिक्षकासाठी एवढी किंमत मोजल्याबद्दल बोस्टनच्या वृत्तपत्रांनी भुवया उंचावल्या आणि पहिल्या वर्षाचा निकाल पाहता त्यांचे चुकलेही वाटत नव्हते. ५ विजय, ११ पराभव.

मार्च २००१मध्ये क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसो याच्याशी दहा वर्षांचा, १० कोटी ३० लाख डॉलरचा करार झाला. ब्लेडसो १९९३च्या ड्राफ्टमधली सर्वांत पहिली निवड. उंचापुरा, दमदार हाताचा, आणि कुठलीही तक्रार न करता मार खाणारा. संघाचा चेहरा तोच होता. त्याच ताफ्यात टॉम ब्रेडी नावाचा एक मुलगाही होता. मिशिगन विद्यापीठातून आलेला, २०००च्या ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत १९९वा. पहिल्या वर्षात त्याने मैदानात तीन पास टाकले आणि त्यातला एक पूर्ण झाला, सहा यार्डांसाठी.

नवी माणसे

२००१च्या वसंतात बेलिचिक आणि खेळाडू निवडण्यातले त्यांचे साथीदार स्कॉट पिओली यांनी डझनाहून अधिक फ्री एजंट गोळा केले. त्यातले एकही नाव बातमीच्या मथळ्यात जाण्याजोगे नव्हते. लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या फळीतला, माइक व्रेबल पिट्सबर्ग स्टीलर्समध्ये चार हंगाम राखीव फळीत बसून आला होता. चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक अँटवेन स्मिथ हा एके काळी बफेलो बिल्सची पहिल्या फेरीतील निवड. बफेलोने त्याला सोडून दिले होते. पास झेलणारा रिसीव्हर डेव्हिड पॅटन याला कोणीच ड्राफ्ट केले नव्हते. बंदिस्त सभागृहातला अरीना फुटबॉल खेळून तो वर आला होता. मियामीहून आलेला लॅरी इझो खास पलटणींत धावण्यासाठी होता आणि तेच काम तो जीव तोडून करी. डेट्रॉइटचा माइक कॉम्प्टन चढाईच्या फळीत उभा राहिला. रोमन फायफर, ब्रायन कॉक्स आणि अँथनी प्लेझंट हे तिघे तिशी ओलांडलेले, बेलिचिक जेट्समध्ये असताना त्यांच्या हाताखाली खेळलेले.

या यादीत एक सूत्र दिसते. ही माणसे महाग नव्हती, एकाहून जास्त कामे करणारी होती, आणि त्यांना दुसरीकडे मानाची जागा मिळत नव्हती. व्रेबल कधी प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकवर धावून जाई, कधी मागे हटून पास अडवी. पंटच्या, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारण्याच्या, वेळीही तो मैदानात असे. अशी पाच-सहा माणसे असली की प्रशिक्षकाला दर आठवड्याला डाव बदलता येतो. बेलिचिक यांनी नेमके तेच केले.

ड्राफ्टमध्ये सहाव्या क्रमांकावर जॉर्जिया विद्यापीठाचा धिप्पाड बचावपटू रिचर्ड सीमोर घेतला गेला. चाहत्यांना रिसीव्हर हवा होता, त्यामुळे ही निवड अनेकांना रुचली नाही. दुसऱ्या फेरीत चढाईच्या फळीतला टॅकल मॅट लाइट आला. क्वार्टरबॅकची डावी बाजू, म्हणजे त्याला न दिसणारी बाजू, सांभाळण्याचे काम पुढे कित्येक वर्षे त्याने केले. या दोन निवडींवर नंतरच्या दहा वर्षांचा पाया उभा आहे असे म्हणण्यास हरकत नाही.

उन्हाळी सराव मात्र दुःखात गेला. ६ ऑगस्टला क्वार्टरबॅकचे प्रशिक्षक डिक रीबाइन हृदयविकाराने वारले. वय अवघे ४५. ब्रेडीला घ्यावे म्हणून संघात सर्वांत आधी आग्रह धरणाऱ्यांपैकी ते एक होते. त्यांचे काम बेलिचिक आणि चढाईचे प्रशिक्षक चार्ली वाइस यांनी वाटून घेतले. याच काळात गुणी पण बेभरवशाचा रिसीव्हर टेरी ग्लेन याच्यावर आधी लीगने चार सामन्यांची बंदी घातली, मग संघाशी त्याचे वाद झाले, आणि वर्षभरात तो मोजकेच सामने खेळला. दुसऱ्या क्रमांकाच्या क्वार्टरबॅकची जागा सरावात ब्रेडीने अनुभवी डॅमन ह्यूअर्डकडून जिंकून घेतली. तेव्हा या गोष्टीची फारशी दखल कोणी घेतली नाही.

ब्लेडसोची दुखापत

११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर लीगने दुसऱ्या आठवड्याचे सामने पुढे ढकलले. २३ सप्टेंबरला फॉक्सबरोत जेट्सविरुद्ध खेळ पुन्हा सुरू झाला. पेट्रियट्सच्या जो अँड्रुझीचे तीन भाऊ न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलात होते आणि त्यांतला एक टॉवर कोसळण्याच्या थोडाच आधी बाहेर पडला होता. सामन्यापूर्वी तिघांना मानाने मैदानात बोलावले गेले. अँड्रुझी स्वतः दोन्ही हातांत झेंडे घेऊन धावत आला.

चौथ्या सत्रात ब्लेडसो चेंडू घेऊन उजव्या कडेकडे धावला. सीमारेषेच्या अलीकडे जेट्सचा लाइनबॅकर मो लुइस त्याच्यावर आदळला. आवाज बाकावर बसलेल्यांनी ऐकला. ब्लेडसो उठला, बाजूला आला, पुन्हा एकदा खेळायलाही गेला, पण बोलण्यात तो गोंधळू लागला होता. शेवटच्या मिनिटांत ब्रेडीला पाठवण्यात आले. सामना १०-३ने गेला. रुग्णालयात नेल्यावर कळले की छातीतली रक्तवाहिनी फाटून आत रक्त साचत होते. आणखी थोडा उशीर झाला असता तर त्याच्या जिवावर बेतले असते.

पुढच्या रविवारी इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध ब्रेडी प्रथमच सुरुवातीपासून खेळला आणि संघ ४४-१३ने जिंकला. हा विजय मुख्यतः बचावाचा होता. रिसीव्हरांवर पहारा ठेवणारे कॉर्नरबॅक टाय लॉ आणि ओटिस स्मिथ या दोघांनीही कोल्ट्सचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याचे पास मध्येच पकडून थेट टचडाउन केले (चेंडू प्रतिपक्षाच्या टोकाच्या पट्ट्यात नेला), आणि कॉक्सने कोल्ट्सच्या जेरोम पॅथॉनला केलेली टक्कर संघाला जागे करून गेली असे खेळाडू पुढे सांगत राहिले. त्यानंतर मियामीत ३०-१० अशी धूळधाण उडाली. १ विजय, ३ पराभव. सरावाच्या वेळी बेलिचिक यांनी खड्डा खणून त्या सामन्याचा चेंडू त्यात पुरला. तो सामना संपला, हे त्यांना शब्दांनी सांगायचे नव्हते. पुढच्याच लढतीत सॅन दिएगोविरुद्ध दहा गुणांची पिछाडी शेवटच्या नऊ मिनिटांत भरून काढून संघ जादा वेळेत २९-२६ने जिंकला.

नोव्हेंबरच्या मध्यात डॉक्टरांनी ब्लेडसोला खेळण्याची परवानगी दिली. सेंट लुइस रॅम्सविरुद्ध १७-२४ असा पराभव झाल्यावर संघाची गाडी ५-५वर होती. दहा कोटींचा करार असलेला माणूस तंदुरुस्त आहे आणि बेलिचिक यांनी जाहीर केले की खेळणार ब्रेडीच. ब्लेडसो दुखावला गेला, ते त्याने लपवलेही नाही. तरी बैठकांत, सरावात तो ब्रेडीला मदत करत राहिला. पेट्रियट्सने त्या हंगामात त्यानंतर एकही सामना गमावला नाही.

बफेलोतला १६ डिसेंबरचा सामना या संघाचा स्वभाव दाखवतो. जादा वेळेत पॅटनने झेल घेतला आणि जबर धक्क्याने तो मैदानातच बेशुद्ध पडला. चेंडू हातातून सुटला होता. तो बफेलोच्या खेळाडूने उचललाही. पण सुटलेला चेंडू पॅटनच्या पायाला टेकलेला असताना त्याचे डोके सीमारेषेच्या बाहेर होते. सीमेबाहेरच्या खेळाडूला टेकलेला चेंडू मृत, हा नियम. ताबा पेट्रियट्सकडे राहिला. लगेच अँटवेन स्मिथ ३८ यार्ड धावला, त्याच मैदानावर, ज्या संघाने त्याला काढले होते त्याच संघासमोर. १२-९.

साखळीअखेर ११ विजय, ५ पराभव आणि विभागाचे विजेतेपद. ब्रेडीच्या नावावर २,८४३ यार्ड आणि १८ टचडाउन पास होते. हे आकडे नेटके आहेत, थक्क करणारे नाहीत. स्मिथने धावून १,१५७ यार्ड व १२ टचडाउन केले. १९९३च्या ड्राफ्टमध्ये आठव्या फेरीत मिळालेल्या ट्रॉय ब्राउनने १०१ झेल घेतले.

बर्फातला सामना

१९ जानेवारी २००२. प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी. फॉक्सबरोच्या जुन्या, ॲल्युमिनियमच्या बाकांच्या स्टेडियममधला हा शेवटचा सामना, रात्रीचा. ओकलंड रेडर्स पाहुणे. बर्फ इतका की यार्डांच्या रेषा झाडून काढाव्या लागत होत्या. पेट्रियट्स १०-१३ने मागे असताना, दोन मिनिटांहून कमी वेळ उरला असता रेडर्सच्या चार्ल्स वूडसनने ब्रेडीला धडक दिली, चेंडू पडला, रेडर्सने तो ताब्यात घेतला. सामना संपल्यातच जमा होता. पंच वॉल्ट कोलमन यांनी चित्रफीत पाहून निर्णय फिरवला. पास टाकायला हात पुढे आला आणि नंतर चेंडू अंगाशी ओढून घेताना सुटला, तरी तो अपूर्ण पासच धरायचा, असा तेव्हा नियम होता. ‘टक रूल’ या नावाने तो कुप्रसिद्ध झाला आणि २०१३मध्ये रद्द झाला. नियमाच्या अक्षराला धरून निर्णय बरोबर होता. रेडर्सच्या चाहत्यांची सल आजही समजण्यासारखी आहे.

त्यानंतर लाथेने चेंडू मारणाऱ्या ॲडम विनाटिएरीने ४५ यार्डांवरून, बर्फात पाय रोवून, चेंडू खांबांमधून घातला आणि बरोबरी साधली. जादा वेळेत २३ यार्डांची किक मारून त्याने सामना जिंकला. चेंडू मागे फेकणारा लोनी पॅक्स्टन धावत जाऊन एंड झोनच्या, म्हणजे मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या, बर्फात उताणा पडला आणि हातपाय हलवून बर्फात पंख उमटवू लागला. फेकणारा पॅक्स्टन, चेंडू टेकवून धरणारा आणि हंगाम सुरू झाल्यावर संघात आलेला केन वॉल्टर, आणि मारणारा विनाटिएरी, या तिघांपैकी एकालाही कधी कोणत्या संघाने ड्राफ्ट केले नव्हते.

पिट्सबर्गमधल्या उपांत्य लढतीत ब्रेडीचा घोटा दुखावला आणि ब्लेडसो चार महिन्यांनी मैदानात उतरला. थोड्याच वेळात तो पुन्हा उजव्या कडेला धावला आणि जवळजवळ तसाच फटका बसून सीमेबाहेर फेकला गेला. उठला तेव्हा हनुवटीतून रक्त येत होते आणि तो हसत होता. मग त्याने पॅटनला टचडाउन पास दिला. २४-१७.

सुपर बोलमध्ये समोर क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर आणि रनिंग बॅक मार्शल फॉक यांचे सेंट लुइस रॅम्स. अंदाज करणारे रॅम्सला १४ गुणांनी सरस मानत होते. सामन्यापूर्वी खेळाडूंची नावे एकेक पुकारण्याची पद्धत आहे. पेट्रियट्स सगळे एकदम बाहेर आले. बेलिचिक आणि बचावाचे प्रशिक्षक रोमिओ क्रेनेल यांनी फॉकला प्रत्येक चढाईत धक्के देत राहण्याचा डाव आखला होता. व्रेबल वॉर्नरच्या अंगावर गेला, घाईत सुटलेला पास टाय लॉने पकडला आणि ४७ यार्ड धावत टचडाउन केले. १७-३ची आघाडी शेवटच्या दीड मिनिटात १७-१७ झाली. १ मिनिट २१ सेकंद उरले होते, एकही टाइमआउट शिल्लक नव्हता. दूरचित्रवाणीवर समालोचक जॉन मॅडन म्हणत होते की वेळ संपू द्यावा, जादा वेळेत पाहावे. ब्रेडीने छोटेछोटे पास टाकत संघ पुढे नेला, त्यातला २३ यार्डांचा ट्रॉय ब्राउनला. सात सेकंद असताना त्याने चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवले. पॅक्स्टन, वॉल्टर, विनाटिएरी. ४८ यार्ड. २०-१७.

नंतरचे बदल

एप्रिल २००२मध्ये ब्लेडसोला बफेलोकडे देऊन पेट्रियट्सने २००३ची पहिल्या फेरीची निवड मिळवली आणि तिच्या जोरावर बचावपटू टाय वॉरन घेतला. टेरी ग्लेन ग्रीन बे पॅकर्सकडे गेला. जुने स्टेडियम पाडण्यात आले व शेजारीच उभ्या राहिलेल्या नव्या स्टेडियममध्ये संघ २००२पासून खेळू लागला. त्या वर्षी ९ विजय व ७ पराभवांमुळे प्लेऑफ हुकले. २००३ आणि २००४च्या सलग दोन विजेतेपदांच्या वेळी व्रेबल, फायफर, पॅटन, इझो, अँटवेन स्मिथ यांपैकी बहुतेक जण अजून संघात होते.