सॅनिटायझर ओतण्याआधी: घरच्या बिअरची भांडी आणि बायोफिल्म

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये घरी बिअर बनवणाऱ्या मराठी मित्रांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "अरे, अल्कोहोल तयार होतंय ना, मग जंतू राहतीलच कसे?" (महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर बनवणं 1949च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. अमेरिकेत 1978 साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने त्याला मोकळीक मिळाली.) हा गैरसमज इतका पक्का आहे, की त्यापायी कितीतरी चांगली बिअर मोरीत जाते.

हाताच्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल 60 टक्क्यांच्या वर असतं, बिअरमध्ये साधारण 5 टक्के. तेवढ्यात लॅक्टोबॅसिलस नावाचा जिवाणू मजेत जगतो. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांमधली कडू आम्लं पुष्कळ जिवाणूंना आवरतात, पण लॅक्टोबॅसिलसच्या काही वाणांच्या पेशीपटलात ती आम्लं बाहेर फेकणारे प्रथिनांचे पंपच असतात. मग बिअर आंबट होते. पेडिओकॉकस हा दुसरा जिवाणू शिरला तर लोण्यासारखा वास येतो. 'डायास्टॅटिकस' नावाचं यीस्ट तर एरवी न पचणारी डेक्स्ट्रिनंही (लांब साखळीच्या शर्करा) तोडून खातं. बाटली बंद केल्यावरही त्याचं काम चालू राहतं, वायूचा दाब वाढत जातो आणि काच फुटते. रोगजंतू मात्र बिअरमध्ये सहसा तग धरत नाहीत.

माल्टचं (मोड आणून वाळवलेल्या धान्याचं) गोड पाणी, म्हणजे वॉर्ट, तासभर उकळतं. त्यामुळे उकळण्याआधीची भांडी नुसती स्वच्छ असली तरी भागतं. जोखीम सुरू होते ती वॉर्ट 20 अंशांपर्यंत निवल्यावर. तिथून पुढे फर्मेंटर (बिअर आंबवण्याचं भांडं), नळ्या, तोटी, बाटल्या, ज्याचा ज्याचा त्याला स्पर्श होईल ते सगळं निर्जंतुक हवं.

आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. सॅनिटायझर भरपूर ओततात, पण घासत नाहीत.

फर्मेंटरची प्लास्टिकची तोटी एकदा पूर्ण उघडून बघा. बाहेरून चकाचक दिसते, पण आट्यांमध्ये आणि रबरी वायसरच्या मागे तपकिरी, बुळबुळीत थर सापडतो. तो बायोफिल्म. सकाळी उठल्यावर दातांवर जीभ फिरवली की जो थर लागतो, तोही त्यातलाच. तरंगता जिवाणू पृष्ठभागाला आधी सैलसर चिकटतो, तेव्हा साध्या पाण्याच्या झोतानेही निघू शकतो. जरा स्थिरावला की तो आपले जनुक वेगळ्या पद्धतीने चालवायला लागतो आणि स्वतःभोवती लांबलचक शर्करासाखळ्यांचा, प्रथिनांचा चिकट लगदा सोडतो. त्या लगद्यात बहुतांश पाणीच असतं, तरी क्लोरीन आत पोचत नाही! कारण क्लोरीन वाटेत भेटेल त्या सेंद्रिय रेणूशी अभिक्रिया करतं. बाहेरून आत झिरपण्याचा वेग कमी आणि अभिक्रियेत खर्च होण्याचा वेग जास्त, त्यामुळे वरच्या थरातच ते संपून जातं. तळाशी असलेल्या पेशींना अन्न आणि ऑक्सिजन बेताचाच मिळतो, म्हणून त्या जवळजवळ निपचित असतात, आणि निपचित पेशी मारायला आणखी कठीण. तरंगत्या जिवाणूला पुरून उरणारी मात्रा बायोफिल्ममध्ये कित्येक पटींनी अपुरी पडते.

'99.9 टक्के जंतू नष्ट' ही जाहिरात इथे नीट वाचायला हवी. दहा लाखांतले 99.9 टक्के मेले तरी हजार उरतात. ते दहा वेळा दुप्पट झाले की पुन्हा दहा लाख, आणि फर्मेंटरमध्ये बिअर आठवडेच्या आठवडे पडून असते.

1871 साली फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरने लंडनच्या व्हिटब्रेड या बिअरच्या कारखान्यात यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्यातले परके जीव मालकांना दाखवले. आपल्याकडे मात्र लोणच्याला बुरशी आली की पाळीच्या दिवसांत बरणीला कुणाचा हात लागला याची चौकशी अजून होते. ही अंधश्रद्धा बायकांचा अपमान करते आणि ओला चमचा, न वाळलेली बरणी ही खरी कारणं झाकून ठेवते.

असो. हा थर फोडायला सोडियम परकार्बोनेट उत्तम. कपड्यांचे डाग काढणाऱ्या 'ऑक्सिजन' पावडरीत तेच असतं. कोमट-गरम पाण्यात त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो. सोड्याचा अल्क प्रथिनं फुगवून सैल करतो, पेरॉक्साइड साखळ्या तोडतो आणि ऑक्सिजनचे बुडबुडे थर उचलून काढतात. रात्रभर भिजत ठेवा, तोट्या सुट्या करून. प्लास्टिकला तारेची घासणी नको. तिचा बारीकसा ओरखडाही एक मायक्रॉनच्या जिवाणूला दरीसारखा. स्टीलवर खरखरीत करडा थर असेल तर तो बिअरस्टोन, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम ऑक्सलेट. त्याच्यापुढे सोडा हतबल आहे, तिथे आम्लच लागतं.

हे सगळं झालं, भांडं खळबळून घेतलं, की मग सॅनिटायझर. फॉस्फोरिक आम्लाचे फेसाळ सॅनिटायझर सांगितलेल्या प्रमाणात घेतले तर नंतर धुवावे लागत नाहीत. ब्लीच वापरलंत तर मात्र नीट धुवा. उरलेलं क्लोरीन बिअरमधल्या फिनॉलशी जुळून क्लोरोफिनॉल बनतं आणि त्याचा औषधी वास अब्जांश प्रमाणातही जाणवतो. आम्लाचा सॅनिटायझर पीएच 3च्या खाली असेपर्यंतच चालतो. पाणी जड असेल तर त्यातली बायकार्बोनेटं आम्ल खाऊन टाकतात आणि द्रावण गढुळतं. पीएचची पट्टी बुडवून बघा, 3च्या वर दाखवत असेल तर ते ओतून द्या आणि आरओच्या पाण्यात नवं बनवा.