स्वयंपाकघराची झीज आणि डिपॉझिट: लिव्ह अँड लायसन्स नोंदणीची पात्रता, कागदपत्रे, प्रक्रिया

घर रिकामं करताना डिपॉझिटवरून वाजतं ते बहुतेक वेळा स्वयंपाकघरात. ट्रॉलीचे चॅनल गंजले, ओट्याची कड उडाली, चिमणी बंद पडली, आता खर्च कोणी करायचा? मालकांनो, हा प्रश्न चावी परत घेताना सुटत नाही. लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायची फक्त परवानगी देणारा करार) नोंदवतानाच तो सोडवून ठेवावा लागतो.

नोंदणी कोणी करायची?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ही जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘11 महिन्यांचाच आहे, नोटरी केली की झालं’ हे आपल्याकडे अजून सर्रास ऐकू येतं. ते चूक आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. उलट सिद्ध करणं मालकाच्या गळ्यात.

कागदपत्रे

मालक (सहमालक असतील तर तेही) आणि भाडेकरू यांचं आधार व पॅन, दोन साक्षीदारांचं आधार, आणि जागेच्या मालकीचा पुरावा: इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा), मालमत्ता कराची पावती किंवा वीजबिल. ऑनलाइन नोंदणी आधारवर चालते. आधार नसलेल्यांनी दुय्यम निबंधक कार्यालय गाठावं.

प्रक्रिया आणि खर्च

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-रजिस्ट्रेशन पोर्टलवर माहिती भरायची, मसुदा तपासायचा, शुल्क भरायचं, मग सगळ्यांचे अंगठे आणि वेबकॅमवर फोटो. एजंट मशीन घेऊन घरीही येतात. सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदणीला दाखल व्हायला हवा.

मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. ते एकूण भाडं, परत न करायची रक्कम आणि डिपॉझिटवरचं वार्षिक 10 टक्के व्याज यांच्या बेरजेवर लागतं. महिना 20,000 भाडं, एक लाख डिपॉझिट, दोन वर्षं: 4,80,000 अधिक 20,000, म्हणजे पाच लाखांवर सुमारे 1,250 रुपये. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1,000 रुपये, ग्रामीण भागात 500. दस्त हाताळणी शुल्क आणि एजंटचे पैसे वेगळे.

खरी मेख: सामानाची यादी

फॉर्ममध्ये सामान आणि जादा अटी लिहायला जागा असते. एजंट तिथे ‘पंखे 3, ट्यूब 4’ टाकून मोकळा होतो. तसं होऊ देऊ नका. ओटा ग्रॅनाइटचा की कडप्प्याचा, कड कुठे उडालेली आहे का, ट्रॉल्या किती आणि कोणत्या साली बसवल्या, चिमणीची कंपनी आणि वय, सिंकखालचा प्लाय कोरडा आहे का, हे सगळं लिहा. शिवाय तारीखवार फोटो आणि ताबापावती, दोघांच्या सहीने.

झीज म्हणजे काय याचा आधार मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 108 मध्ये सापडतो: जागा घेतली तशी परत द्यायची, वाजवी वापराने झालेले बदल वगळून. ते कलम भाडेपट्ट्याचं आहे, लायसन्सचं नाही. म्हणूनच ते शब्द करारात स्वतः घालावेत. शेगडीमागचा रंग पिवळा पडणं, बिजागऱ्या ढिल्या होणं, सिंकच्या कडेचं सिलिकॉन काळवंडणं ही झीज. रोज फोडणी होणाऱ्या घरात दुसरं काय होणार? ओट्यावर नारळ आपटून गेलेला तडा, गरम कढई टेकवून भाजलेला सनमायका, न विचारता टाइल्सना पाडलेली भोकं हे नुकसान. गळका पाइप महिनोन्‌महिने न कळवल्यामुळे फुगलेला प्लायही नुकसानातच धरावा. पण दहा वर्षं जुन्या ट्रॉलीचे नव्या ट्रॉलीइतके पैसे कापणं मला तरी पटत नाही; वयाप्रमाणे किंमत कमी धरायची अट आधीच टाका.

दुरुस्तीच्या वाटणीसाठी केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्याचं परिशिष्ट नमुना म्हणून घ्या. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण वाटणी व्यवहार्य आहे: नळाचा वॉशर, तुंबलेली मोरी, स्विच, स्वयंपाकघरातल्या फिटिंगची दुरुस्ती भाडेकरूकडे, रंगकाम, पाइप बदलणं, वायरिंग मालकाकडे.

घर सोडताना

यादी हातात घेऊन दोघांनी मिळून पाहणी करा. नळ सोडून सिंकखाली हात फिरवा, चिमणी चालू करून बघा, पाइप गॅसचं शेवटचं बिल मागा. कपात करायची तर बिलासकट लेखी द्या. मुदत संपूनही भाडेकरू हलत नसेल तर भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा वादांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि तोवर भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. तो मार्ग ताब्यासाठी आहे. भाजलेल्या सनमायक्याचा हिशेब मात्र दिवाणी न्यायालयात, मुंबईत लघुवाद न्यायालयात मांडावा लागतो, आणि तिथे पहिल्यांदा पाहिली जाते ती सही केलेली यादी.