पिंजऱ्यातलं अस्वल डोलतं ते भुकेनं नव्हे

'पिंजऱ्यातलं जनावर सारखं येरझाऱ्या घालतंय किंवा डोलतंय म्हणजे ते भुकेलंय, काहीतरी खायला टाका', हा मेसेज कोल्हापूरकडच्या ग्रुपांवरही वर्षानुवर्षं फिरतोय. त्यामागची माया खरी आहे. पण कारण बहुतेकदा भूक नसतं.

राधानगरीच्या जंगलात अस्वल वारुळं उकरत, फळं नि मध शोधत रात्री लांबवर हिंडतं. रस्त्याकडेच्या छोट्याशा प्राणिसंग्रहालयात हे सगळं बंद होतं, हिंडण्याची ओढ मात्र तशीच राहते. मग तेवढ्याच जागेत तीच हालचाल पुन्हा पुन्हा होते. निसर्गात दूरवर फिरणारे मांसाहारी गणातले प्राणी (अस्वलही याच गणातलं) बंदिवासात जास्त येरझाऱ्या घालतात, असं २००३ मधल्या एका अभ्यासात आढळलं.

हे तुम्हालाही पडताळता येईल. खाण्याच्या वेळेआधी थोडी घालमेल होतेच, म्हणून त्याचं खाणं झाल्यावर पंधरा मिनिटं पाहत उभे राहा. दर वेळी त्याच कोपऱ्यात वळतंय? मान त्याच बाजूला झुकतेय? जमिनीवर घासून वाट पडलीय? मग भडंगाची पुडी खिशातच राहू द्या. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला प्रेक्षकांनी खायला घालायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाईच आहे. त्यापेक्षा पिंजऱ्यात उकरायला माती, चढायला ओंडके, लपायला आडोसा का नाही, हे तिथल्या चालकांना जरूर विचारा.