शंभराव्या चेंडूमागची गोष्ट

17 मे 2024, शिकागोचं रिग्ली फील्ड. पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, पॉल स्कीन्स याचा अमेरिकी बेसबॉलच्या मेजर लीगमधला हा दुसराच सामना. नऊपैकी सहा इनिंग संपल्या तेव्हा शिकागो कब्जच्या एकालाही त्याच्यावर हिट मिळाली नव्हती, म्हणजे चेंडू टोलवून कुणी बेस गाठला नव्हता, आणि 11 जण स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकमध्ये बाद) झाले होते. टाकलेले चेंडू बरोब्बर 100. सातव्या इनिंगला माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, दुसराच पिचर आला.

संपूर्ण सामन्यात एकही हिट न देणं म्हणजे नो-हिटर. अनेक मोठमोठ्या पिचरांनाही ती आयुष्यभरात मिळत नाही. तरी हल्ली बेसबॉल बघणारा माणूस अशा वेळी मॅनेजरच्या नावाने फार काळ खडे फोडत नाही. चौथ्या इनिंगपासूनच त्याचा एक डोळा चेंडूंच्या आकड्यावर असतो आणि ऐंशीच्या पुढे गेला की आता पिचर बदलणार हे त्याला कळून चुकतं. नवख्या पिचरला जोखताना प्रेक्षक आधी वेग बघतो आणि मग चेंडू मोजतो. पहिली सवय कौतुकातून लागली, दुसरी पिचरच्या दुखापतीच्या धास्तीतून.

वेग मोजायचं यंत्र नव्हतं तेव्हा स्ट्राइकआउट हेच माप होतं. ऑगस्ट 1936 मध्ये आयोवातल्या शेतावरून आलेल्या 17 वर्षांच्या बॉब फेलरने क्लीव्हलंडकडून सुरुवातीपासून पिचिंग केलेल्या पहिल्याच सामन्यात 15 जणांना स्ट्राइकआउट केलं. मोसम संपल्यावर हे पोरगं पुन्हा शाळेत जाऊन बसलं! त्याचा चेंडू नेमका किती वेगात येतो, हे कुतूहल इतकं की 1940 मध्ये शिकागोच्या लिंकन पार्कमध्ये त्याची चक्क भरधाव मोटरसायकलशी शर्यत लावली. मोटरसायकल ताशी 86 मैलांनी त्याच्या शेजारून पुढे निघाली, त्याने चेंडू सोडला, आणि चेंडू आधी पोचला.

डेट्रॉइटच्या मार्क फिड्रिचकडे असा वेग नव्हता. 1976 मध्ये 21 वर्षांचा हा कुरळ्या केसांचा पोरगा गुडघे टेकून माउंडवरची माती हाताने सारखी करायचा. टाकण्याआधी चेंडू तोंडासमोर धरून पुटपुटायचा. लोक म्हणत, चेंडूशी बोलतो. तो म्हणे, मी स्वतःलाच बजावत असतो. टीव्हीवरच्या पिवळ्या पक्ष्यावरून त्याचं नाव पडलं ‘द बर्ड’. 28 जूनला त्याने न्यूयॉर्क यांकीजना 5-1 असं हरवलं तो सामना देशभर टीव्हीवर दिसला. सामना संपला तरी 47 हजारांवर प्रेक्षक जागचे हलेनात. तो डगआउटमधून, म्हणजे खेळाडूंच्या बसायच्या जागेतून, पुन्हा बाहेर येईपर्यंत त्यांनी मैदान डोक्यावर घेतलं.

त्या गर्दीत चेंडू कोण मोजत बसणार? त्या मोसमात त्याने 29 सामन्यांत सुरुवातीपासून पिचिंग केलं आणि त्यातले 24 एकट्याने शेवटपर्यंत नेले. लागोपाठच्या दोन सामन्यांत तर तो 11-11 इनिंग टाकत राहिला. वर्षाअखेर 19 विजय आणि सर्वोत्तम नवोदिताचा किताब. पुढच्या वसंतात सरावात गुडघा दुखावला, त्यातून परतल्यावर दंड गेला. 1980 नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. खांद्याचा स्नायू फाटला होता हे निदान व्हायला 1985 उजाडलं.

मग 1981 चा फर्नांडो व्हॅलेन्झुएला. मेक्सिकोतल्या सोनोरामधल्या खेड्यातला, 20 वर्षांचा, अंगाने गोलमटोल. चेंडू सोडण्याआधी डोळे आभाळाकडे लावायचा. मोसमाच्या पहिल्या दिवशी पिचिंग करणार होता तो जेरी रॉइस जखमी झाला म्हणून लॉस एंजेलिस डॉजर्सनी याला उभं केलं. त्याने ह्यूस्टनला एकही धाव दिली नाही. मग पहिले आठच्या आठ सामने जिंकले, त्यातल्या पाचांत प्रतिस्पर्ध्याची पाटी कोरी.

इथे प्रेक्षकांची गोष्ट जास्त मोलाची आहे. डॉजर्सचं स्टेडियम चावेझ रवीनमध्ये उभं आहे आणि 1950 च्या दशकात तिथली मेक्सिकन वस्ती उठवली गेली होती. शहरातल्या अनेक मेक्सिकन कुटुंबांच्या मनात तो सल होता. व्हॅलेन्झुएला आला आणि हीच माणसं त्या स्टेडियमकडे लोटली. त्याचा स्क्रूबॉल, म्हणजे उलट्या दिशेने वळणारा चेंडू, कुठे वळतो यावर वाद घालायला तिथे आता स्पॅनिशही होती. त्या वर्षी नवोदिताचा किताब आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार दोन्ही त्याने एकाच मोसमात घेतले. आजवर हे दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेच्या, तिसऱ्या सामन्यात त्याने 147 चेंडू टाकले. आज कुठला मॅनेजर विशीतल्या पोराला 147 चेंडू टाकू देईल?

मोजणं प्रेक्षकांच्या हाती खऱ्या अर्थाने आलं ते 1984 मध्ये, न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये. मेट्सचा ड्वाइट गुडन 19 वर्षांचा होता. त्याने स्ट्राइकआउट घेतला की वरच्या गॅलरीतली मंडळी कठड्यावर ‘के’ अक्षराचं एक पोस्टर लटकवायची, कारण स्कोअरबुकात स्ट्राइकआउटची खूण ‘के’. बॅटर नुसता बघत उभा राहून बाद झाला तर अक्षर उलटं. त्या मोसमात 276 स्ट्राइकआउट झाले, 1900 नंतरच्या नवोदितांमध्ये हा विक्रम अजून टिकून आहे.

6 मे 1998 ला कब्जच्या केरी वुडने ह्यूस्टनविरुद्ध 20 जणांना स्ट्राइकआउट केलं. त्याचं वय 20 आणि सामना पाचवा. हिट फक्त एक, तीही तिसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या ग्लोव्हला घासून गेलेली. नवख्याने याहून सरस सामना टाकलेला नाही, असं माझं तरी मत आहे. चेंडू 122. पुढचं संपूर्ण वर्ष तो कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे बाहेर.

ही शस्त्रक्रिया 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली: दुसरीकडचा कंडरा काढून कोपरात बसवायचा. जॉन परतला आणि त्यानंतर 164 सामने जिंकला. त्याआधी कोपराचा अस्थिबंध तुटला की कारकीर्द आटोपली असंच समजलं जाई. वुडच्याच वर्षी आकडेवारी पाहणाऱ्या मंडळींनी जादा चेंडूंनी पिचरची किती नासाडी होते याचा हिशोब मांडायला सुरुवात केली होती. शंभरच का, याला पक्का वैद्यकीय आधार नाही. गोल आकडा म्हणून तो रुजला.

धास्तीने टोक गाठलं ते वॉशिंग्टनच्या स्टीव्हन स्ट्रॅसबर्गच्या वेळी. 8 जून 2010 ला पहिल्याच सामन्यात त्याने पिट्सबर्गच्या 14 जणांना स्ट्राइकआउट केलं, शेवटचे सात तर ओळीने. 94 चेंडूंवर त्याला थांबवलं. एवढी काळजी घेऊनही सप्टेंबरात कोपरावर तीच शस्त्रक्रिया करावी लागली. 2012 मध्ये संघ अव्वल असताना व्यवस्थापनाने त्याला सप्टेंबरातच घरी बसवलं, प्लेऑफमध्ये त्याच्याविना खेळले आणि हरले. तो निर्णय शहाणपणाचा की भेकडपणाचा, यावर अजून भांडणं होतात. 2019 च्या वर्ल्ड सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला, हे दोन्ही बाजू आपापल्या परीने वापरतात.

दरम्यान वेगाचं वेड वाढतच गेलं. 2008 मध्ये भारतात झालेल्या ‘मिलियन डॉलर आर्म’ स्पर्धेत रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रडार गनच्या आकड्यांवर निवडले गेले. पिट्सबर्गने त्यांना करारबद्धही केलं, पण मेजर लीगपर्यंत दोघेही पोचले नाहीत. मेजर लीगने डिसेंबर 2024 मध्ये पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला. फास्टबॉलचा सरासरी वेग 2008 मध्ये 91.3 मैल होता तो 2024 मध्ये 94.2 झाला, आणि दुखापतींच्या कारणांत अहवालाने वेगाचा हा ध्यास वरच ठेवला. म्हणजे चेंडू मोजून वाचवलेलं कोपर वेगापायी जातंय. मयंक यादवचे 2024 च्या आयपीएलमधले ताशी 155 किलोमीटरच्या वरचे चेंडू आणि पाठोपाठची दुखापत पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

स्कीन्स अजून शाबूत आहे. 2025 मध्ये त्याला साय यंग एकमताने मिळाला, तोही 10 विजय आणि 10 पराभव अशा हिशोबावर. विजय मोजणाऱ्या जुन्या प्रेक्षकाला हे पटलंच नसतं. सामना शेवटपर्यंत एकट्याने टाकण्याची पहिली वेळ त्याच्यावर त्याच वर्षी मे महिन्यात आली, फिलाडेल्फियात. यजमान आघाडीवर असल्याने त्यांना नवव्यांदा बॅटिंग करावीच लागली नाही, आणि आठ इनिंग टाकून तो 1-0 हरला.