नाव सांगितले म्हणजे शुद्ध आली, असे नव्हे

‘म्हाताऱ्याने स्वतःचे नाव बरोबर सांगितले, म्हणजे डोके ठिकाणावर आहे, मग सिस्टर आज वार कोणता, आपण कुठे आहोत, हे तेच तेच का विचारतात?’ हा समज मराठवाड्यातील वॉर्डांमध्ये नातेवाइकांच्या तोंडी वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि तो चुकीचा आहे. गोंधळलेल्या रुग्णाचे भान सहसा आधी वेळेचे, मग ठिकाणाचे सुटते. स्वतःचे नाव बहुधा शेवटपर्यंत टिकते. रुग्णाची शुद्ध मोजणाऱ्या, १९७४ साली मांडलेल्या ग्लासगो मापनश्रेणीतही बोलणे असंबद्ध नसले तरी गोंधळलेले असेल, तर बोलण्याच्या पाचपैकी चारच गुण मिळतात.

अर्थात, तारीख न येणे हा दरवेळी आजार नसतो. आयुष्यभर कॅलेंडर न पाहिलेल्या शेतकऱ्याला पोळा झाला की व्हायचा आहे, हे विचारणेच न्याय्य. त्याहून बोलकी परीक्षा वार उलटे म्हणण्याची: रविवार, शनिवार, शुक्रवार… आणि रुग्ण तिथेच घुटमळतो, पुन्हा शनिवारवर येतो.

सकाळी नीट बोलणारा माणूस रात्री चादर चिवडू लागतो, म्हणूनच प्रत्येक पाळीत तेच प्रश्न विचारले जातात. निपचित पडून राहणारा रुग्ण तर ‘शांत झोपला आहे’ म्हणून हमखास निसटतो, आणि मागे जंतुसंसर्ग किंवा घटलेली साखर असू शकते.